अकरा रेघा

बी.एड. करून नुकतेच वर्गावर गेला असाल तर पाठ-टाचण, फळालेखन, ‘शांत बसा’चे पन्नास प्रकार तुम्हाला येतातच. इंदूरच्या शाळेत पहिल्या वर्षी नववीच्या पोरांनी मला जे शिकवलं, तेवढंच सांगते.

मुलांनी आपल्या वागण्याची नोंद आपणच ठेवायची, ही पद्धत चालते. नोंद ठेवायला लागल्यावर नुसत्या त्यानंच वागणं थोडं सुधारतं. फक्त वागणं एकच धरा आणि मोजता येईल असं धरा. ‘नीट वागलो का’ हे कोण मोजणार? ‘हात वर न करता मध्येच बोललो’ हे मोजता येतं. बाकावर कागद, दर वेळी एक रेघ, 40 मिनिटांचा तास. इथवर कुणी अडत नाही.

मी अडले पुढे. मागच्या बाकावरच्या एका बडबड्यानं पहिल्या दिवशी 11 रेघा मारल्या. मीही गुपचूप मोजत होते, माझ्याकडे 12. म्हणजे पोरगं खरं बोलत होतं! ‘मोजलंस बरोबर’ म्हणून कागद परत द्यायचा होता. मी तो जपून ठेवला आणि शनिवारी पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक सभेत, त्याच्या वडिलांपुढे सरकवला. ‘बघा, स्वतःच कबूल करतोय.’ सोमवारी त्याचा कागद कोरा. मंगळवारी अख्ख्या वर्गाचे कोरे, आणि गोंगाट मात्र इंदूरच्या सराफ्यात रात्री भरणाऱ्या खाऊबाजारासारखा. त्याला बाजूला घेतलं तर म्हणाला, “मॅडम, सच लिखा तो घर पे पिटा.”

काय बोलणार?

म्हणून बजावते: तो कागद मुलाचा. पालकांना नाही, स्टाफरूममध्ये नाही, अंतर्गत गुणांत तर अजिबात नाही. सुरुवातीला शाबासकी द्यायची ती रेघा कमी झाल्याची नव्हे, त्याचा आणि तुमचा आकडा जुळल्याची. त्याचे 9, तुमचे 9, तर शाबास. त्याचे 0, तुमचे 7, तर न रागावता ‘उद्या पुन्हा मोजू’. आकडे रोज जुळायला लागले की तुम्ही अधूनमधून मोजा, मग सोडून द्या. उद्याचा आकडाही त्यालाच ठरवू द्या. 11 वरून 8 चालेल. एकदम 0 म्हणाला तर तुम्हीच आवरा.

सीनियर सांगतील, ‘एकदा दणका द्या, वर्षभर निवांत.’ माझ्या सीनियरबाईंचा वर्ग खरंच टाचणी पडली तर ऐकू येईल असा असायचा. बाई बाहेर पडल्या की तोच वर्ग पुढच्या तासाच्या सरांना खायचा. पोरांचा लगाम बाईंच्या हातात, पोरांच्या नाही. आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, तेव्हा चौदाव्या वर्षी आठवड्याभरात चमत्कार मागू नका. स्टार चिकटवायचे तक्ते पाचवीपर्यंत ठीक. नववीतली पोरं त्यावर हसतात.

माझ्यासारखं बिघडलंच तर घाबरू नका. विश्वास परत येतो, पण कासवाच्या चालीनं. मी वर्गासमोर चूक कबूल केली, तरी त्या मुलानं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक रेघ मारली नाही. सुट्टीनंतर एका तासाला कागद आणून दाखवला. त्याच्या 5, माझ्या 4.

“मॅडम, आपकी एक छूट गई,” म्हणाला.