व्हिक्टोरियन मेस्मेरिस्ट बाई कथेत कशी उभी करायची

मेस्मेरिस्ट म्हणजे हात फिरवून माणसाला झोपेसारख्या तंद्रीत नेणारी बाई, पण काळा झगा, काचेचा गोळा, भेदक नजर एवढ्यावर थांबू नका हो. आधी ॲना किंग्सफर्डबद्दल (१८४६–१८८८) वाचा, ही बाई १८८० ला पॅरिसमधून डॉक्टर झाली आणि तेही एकाही जिवंत प्राण्याची चिरफाड न करता, मग १८८३ ला थिऑसॉफिकल सोसायटी ह्या गूढविद्येच्या संस्थेच्या लंडन लॉजची (शाखेची) अध्यक्ष, १८८४ ला गूढविद्येचीच स्वतःची हर्मेटिक सोसायटी. प्राण्यांवर प्रयोग करणारा क्लोद बर्नार १८७८ ला गेला तेव्हा आपण आपल्या इच्छाशक्तीने त्याला मारलं असं ती मानायची! तुमच्या पात्रालाही असा खराखुरा संताप द्या, जादू त्यातूनच येऊ दे.

मेस्मेरिझमचा सीन मात्र सावकाश लिहा. माणूस खुर्चीत बसलाय, हिचे हात त्याच्या कपाळापासून पोटापर्यंत हळूहळू खाली येतायत, अंगाला न लागता, दोन बोटं अंतर ठेवून, परत वर नेताना बाजूने, आणि असं कितीतरी वेळ चालू. ह्याला ‘पास’ म्हणायचे. पापण्या जड होताना दाखवा, दिवाणखान्यात गॅसचा दिवा, बाकी सगळे गप्प.

आणि हो, कथा १८४० च्या आधीची असेल तर ‘हिप्नोटिझम’ शब्द तिच्या तोंडी नको, तो जेम्स ब्रेड ह्या स्कॉटिश डॉक्टरने नंतर रूढ केला.