लोह कमी केलं, तरी टॉक्सिन दिसत नाही? या चुका टाळा

जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात लोह जास्त असेल तर घटसर्पाचा जीवाणू टॉक्सिन जवळपास बनवतच नाही, हे पॅपेनहायमर आणि जॉन्सन यांनी 1936 मध्येच दाखवलं. तरी लोह कमी करून टॉक्सिन चालू करण्याचा हा प्रयोग आजही वारंवार फसतो, आणि दोष बहुतेक वेळा फ्लास्कमध्ये सापडतो.

‘लोह घातलंच नाही, म्हणजे नाही’ हा समज आधी सोडा. यीस्टचा अर्क, पेप्टोन, फॉस्फेटचे क्षार, काच, सगळ्यांतून ते येतं. एलबी या नेहमीच्या पौष्टिक माध्यमात मुद्दाम न घालताही काही मायक्रोमोलर लोह असतंच. काच आम्लाने धुवा, माध्यम चेलेक्स या धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढा. मात्र चेलेक्स मॅग्नेशियम-कॅल्शियमही ओढून घेतं. ते परत घालायला विसरलात तर कल्चर वाढणारच नाही. ईडीटीए या चिलेटरचीही (धातूला बांधून ठेवणाऱ्या रसायनाचीही) तीच अडचण. डायपायरिडिल हा दुसरा चिलेटर; ते पेशीत शिरून फेरस (Fe²⁺) लोह धरतं, म्हणून ते सोयीचं. बीजकल्चरही (ज्यातून नवं कल्चर सुरू करता ते) तपासा: पौष्टिक माध्यमात वाढलेल्या पेशी लोहाचा साठा सोबत आणतात, तेव्हा त्या धुऊन एकदा कमी लोहात वाढवून घ्या.

चिलेटर जास्त झाला की वाढच खुंटते, आणि टॉक्सिन कमी दिसतं. म्हणून टॉक्सिनचा आकडा नेहमी ओडीच्या (कल्चरच्या गढूळपणाच्या, म्हणजे वाढीच्या मापाच्या) प्रमाणात मांडा. नमुना फार लवकर घेऊ नका. लोह संपत आल्यावरच टॉक्सिनचं जनुक जोरात चालू होतं. सर्वांत महत्त्वाचा कंट्रोल म्हणजे चिलेटर तसाच ठेवून वर भरपूर लोह घातलेला फ्लास्क. त्यात टॉक्सिन पुन्हा दबलं नाही, तर तुम्ही पाहताय तो परिणाम लोहाचा नाही. हा फ्लास्क नसलेल्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे सगळीकडे एकच यंत्रणा गृहीत धरणं. घटसर्पात लोह धरलेलं डीटीएक्सआर प्रथिन थेट टॉक्स या टॉक्सिनच्या जनुकाच्या ऑपरेटरवर (जनुकाशेजारच्या डीएनएतल्या नियंत्रण-जागेवर) बसतं आणि ते दाबून ठेवतं. गंमत अशी, की जनुक फाजचं (जीवाणूत शिरणाऱ्या विषाणूचं) आणि नियामक जीवाणूचा! काही ई. कोलाय जीवाणूंच्या शिगा टॉक्सिन 1 वर फर या लोह ओळखणाऱ्या नियामक प्रथिनाचा ताबा असतो, पण शिगा टॉक्सिन 2 लोहाला दाद देत नाही. तिथे जीवाणूत सुप्त असलेला फाज जागा करावा लागतो, उदाहरणार्थ मायटोमायसिन या औषधाने. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूत फर आधी पीव्हीडीएस या सिग्मा घटकाला (जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला) दाबतं आणि त्यामार्फत एक्झोटॉक्सिन ए कमी होतं. त्यामुळे फर टॉक्सए या एक्झोटॉक्सिन एच्या जनुकाच्या प्रमोटरला (जनुक सुरू होण्याच्या जागेला) चिकटलं नाही, म्हणून लोहाचा संबंधच नाही, असं लिहून मोकळे होऊ नका.

फेरस लोह हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं, म्हणून परीक्षानळीत डीटीएक्सआरला निकेल किंवा कोबाल्ट देतात. त्यावरून प्रथिन डीएनएला बांधतं एवढंच कळतं. पेशीत निकेलच काम करतं, असं त्यातून निघत नाही. पेशीतलं उत्तर हवं असेल तर नियामकाचं जनुक काढलेला स्ट्रेन वापरा. डीटीएक्सआर नसताना भरपूर लोहातही टॉक्सिन चालू राहायला हवं, आणि ते जनुक प्लाझ्मिडवरून (पेशीत घातलेल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवरून) परत दिल्यावर टॉक्सिन दबायला हवं.