बुलेट ट्रेनचा खर्च कुठे वाढला ते कसं शोधायचं: एका बिलिंगवालीची पद्धत

विक्रोळीत बोगद्याचं काम सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीतली पोरं मला एकच विचारतात, "काकू, हे शेवटी कितीला पडणार?" मी नोकरीभर ठेकेदारांकडे बिलिंग केलं, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणार असं त्यांना वाटतं. मी सांगते, कितीला पडणार ते सोडा. खर्च कुठल्या तारखेला वाढायला लागला आणि त्या तारखेच्या कागदावर कोणाची सही आहे, ते शोधा. ते घरबसल्या जमतं. इंजिनिअर असायची गरज नाही. चिकाटी लागते, आणि १० रुपये.

सुरुवात मूळ आकड्यापासून. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, १२ स्थानकांचा, त्यातली चार महाराष्ट्रात: बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ठाणे, विरार आणि बोईसर. मूळ मंजूर खर्च साधारण १,०८,००० कोटी. भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं. खर्चाचे ८१ टक्के जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज, ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांत फेडायचं. काम करून घेणाऱ्या नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशनमध्ये केंद्राचे १०,००० कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी ५,००० कोटी भांडवल. आपले म्हणजे राज्याचे ५,००० कोटी त्यात आहेत, हे कोणी "तुम्हाला काय करायचंय" म्हणालं की सांगायला बरं पडतं.

एवढा मोठा आकडा धरून मात्र हाती काही लागत नाही. पॅकेज धरा, म्हणजे एकेका कराराने दिलेला कामाचा तुकडा. बीकेसीचं भूमिगत स्थानक म्हणजे सी-१, करार ३,६८१ कोटींचा. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, तो सी-२, ६,३९७ कोटी. शिळफाट्यापासून गुजरातच्या सीमेपर्यंत १३५ किलोमीटर, ते सी-३, १५,६९७ कोटी. तिन्ही करार २०२३ चे. वहीत प्रत्येक पॅकेजला एक पान द्या. वर कराराची रक्कम आणि मुदत, खाली जे जे कळेल ते तारखेसकट.

आकडा लिहिताना तो कुठल्या वर्षाच्या भावाने आहे, हे शेजारीच लिहायचं. ब्रिटनच्या एचएस-टू या हाय स्पीड रेल्वेमार्गाचं बघा. २०१३ मध्ये अंदाज ५०.१ अब्ज पाउंड होता, २०११ च्या भावाने. २०१५ मध्ये तो ५५.७ अब्ज झाला, पण २०१५ च्या भावाने. यात खरी वाढ फारशी नव्हती, भाववर्ष बदललं होतं. खरी वाढ पुढे आली. २०२० च्या आढाव्यात आकडा १०६ अब्जांपर्यंत जाऊ शकतो असं निघालं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरपर्यंतचा फाटाच रद्द झाला. भाववर्ष न बघता ओरडलात तर समोरचा एका वाक्यात तुम्हाला गप्प करतो.

खर्च तीन वाटांनी वाढतो. सिमेंट-सळईचे भाव चढले, ती भाववाढ. तिचं सूत्र करारात असतं, निर्देशांक बघून हिशेब होतो, सहसा वाद नसतो. दुसरी वाट म्हणजे कामातच बदल: जादा बाबी, बदललेला नकाशा, कोणाच्या तरी आग्रहाने वाढलेला जिना. तिसरी मुदतवाढ. माझा सगळा रोख तिसरीवर, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसतच नाही.

एका कामावर आमची पायलिंगची रिग, म्हणजे पायाचे खांब (पाइल) जमिनीत उतरवायचं यंत्र, उभी होती. जागा मिळाली असं कागदावर होतं, प्रत्यक्षात प्लॉटच्या मधोमध कुलूपबंद गोडाऊन. मालक कोर्टात. आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात पत्र टाकलं, कारण असल्या करारांत साधारणपणे २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्क जातो. मग मी दर महिन्याला तक्ता करायची: रिगचं भाडं, ऑपरेटर, हेल्पर, रात्रीचा वॉचमन, साइट ऑफिसचा जनरेटर. एक मीटर पाइल न मारता. बिलं तपासणाऱ्या सल्लागाराचा माणूस यायचा, चहा घ्यायचा, रिग उभी आहे ना एवढं बघून सही करायचा. त्यात खोटं काही नव्हतं, रिग उभीच होती. गोडाऊन रिकामं व्हायच्या आधी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा हुकूम, कोणी दिला, हे मात्र त्या सगळ्या फायलीत कोणी विचारलं नाही.

हेच कॅलिफोर्नियात फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे २००८ मध्ये मतदारांनी हाय स्पीड रेल्वेसाठी सुमारे १० अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस तेव्हा ३३ अब्जांच्या आसपास आणि २०२० पर्यंत पुरं व्हायचं होतं. २०१८ च्या आराखड्यात आकडा ७७ अब्जांवर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला: जमीन, युटिलिटींचे (वीज-पाण्याच्या वाहिन्यांचे) करार, शेजारच्या मालवाहू रेल्वेशी बोलणी, यातलं काहीही पुरं नसताना बांधकाम सुरू केलं गेलं आणि त्यातून अब्जावधींचा जादा खर्च झाला. शिवाय करारांवर देखरेख करण्याचं कामही बऱ्याच अंशी सल्लागारांकडे होतं. मला या अहवालात नवल वाटलं नाही. आमच्या गोडाऊनचीच गोष्ट, फक्त शून्यं जास्त.

मुंबईकडे बघताना न्यायाने बघावं लागतं. बीकेसी स्थानकाची आधीची निविदा जागा हातात नसल्यामुळे रद्द झाली आणि नंतर नव्याने निघाली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली, विक्रोळीच्या जमिनीचा खटला फेब्रुवारी २०२३ मध्ये निकालात निघाला, आणि मोठे करार त्यानंतर झाले. म्हणजे इथे उशीर बऱ्याच अंशी करारावर सही व्हायच्या आधी झाला, नंतर नाही. उशिराची किंमत भाववाढीत मोजावी लागतेच. तरी उभ्या रिगच्या बिलापेक्षा मला ती परवडते. आता बघायचं आहे ते एवढंच, की करारानंतर कुठला तुकडा उशिरा मिळाला का.

त्यासाठी दोन कागद शेजारी ठेवायचे: कार्यादेश आणि ताबा पावती, म्हणजे जागा प्रत्यक्ष हातात आल्याचा कागद. ते दोन वेगळ्या दारांत मिळतात. ताबा पावती भूसंपादनाच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे राज्याकडे. तिथल्या माहिती अधिकाराच्या (आरटीआय) अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत, हा महाराष्ट्राचा नियम आहे, त्यामुळे एका गावाला किंवा एका प्लॉटला एक अर्ज करा. कार्यादेश आणि पुढचं सगळं केंद्राच्या कंपनीकडे. तो अर्ज केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावरून जातो, फी तीच, मर्यादा साधारण ५०० शब्दांची. चुकीच्या खात्यात पडला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी धाडायचा असतो.

मजकूर असा ठेवा:

"पॅकेज सी-२ बाबत पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात. (अ) कामाचा कार्यादेश आणि जागा हस्तांतराची तारीखवार नोंद. (आ) आजवर मंजूर झालेल्या प्रत्येक व्हेरिएशनची (कामातल्या बदलाची) नोंदवही: क्रमांक, तारीख, रक्कम, कारण, मंजुरी देणाऱ्याचं पदनाम. (इ) मुदतवाढीचे मंजुरी आदेश, नुकसानभरपाईसह की विरहित, याच्या उल्लेखासह. (ई) बिलं तपासून शिफारस करणाऱ्या सल्लागाराचा करार आणि त्याची स्वतःची मुदतवाढ, असल्यास."

"खर्च का वाढला?" असं विचारू नका. कारणं देणं कायद्यात बसत नाही म्हणतील आणि प्रकरण तिथेच बंद होईल. कागद मागा, कागदात कारण असतंच. (ई) गाळू नका. काम लांबलं की देखरेख करणाऱ्याचं मानधनही लांबतं, आणि हा मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही.

"व्यावसायिक गोपनीयता, कलम ८(१)(ड)" असं उत्तर आलं तर घाबरू नका. पहिलं अपील ३० दिवसांत करा, केंद्राकडे त्याला फी नाही. त्यात लिहा की ठेकेदाराचे दर झाका, पण तारखा, एकूण रक्कम आणि पदनामं कलम १० प्रमाणे वेगळी काढून द्या. प्रती भरमसाट असतील तर पाहणी मागा. केंद्राच्या नियमात पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. पाहणीला मी प्राधान्य देते, कारण फाइलीत कडेला पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ते झेरॉक्समध्ये उमटत नाही.

बाकीचं थोडक्यात. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि वरच्या केंद्रीय प्रकल्पांचा नियमित अहवाल काढतं. त्यात मूळ खर्च आणि अपेक्षित खर्च शेजारी असतात, तोच रकाना वहीत उतरवायचा. लोकसभेच्या उत्तरांत नुसती रक्कम बघू नका, "आतापर्यंत झालेला खर्च" आणि "भौतिक प्रगती" ही जोडी बघा. पैसे ७० टक्के गेले आणि काम ५० टक्के झालं, असं दिसलं की पुढची सुप्रमा, म्हणजे वाढीव खर्चाची सुधारित प्रशासकीय मान्यता, येणार समजा. मुंबईच्या मेट्रो-३ ला हे सगळं डोळ्यांदेखत झालं: २३,१३६ कोटी, मग ३३,४०५, मग ३७,२७६.

दोन कागदांच्या तारखांत अंतर निघालं, तर ते घेऊन आधी खासदारांच्या कार्यालयात जा. रेल्वेचे प्रश्न लोकसभेत बुधवारी येतात आणि नोटीस बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच. प्रश्न तुम्हीच टाइप करून न्या, एका पॅकेजचा, एका प्लॉटचा, दोन तारखांचा. लांबलचक निवेदन नेलंत तर तिथला पीए ते ड्रॉवरमध्ये ठेवतो.