लोकलमध्ये हेडफोन वापरताय? मग आवाज घरीच ठरवा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. पंचविशी-तिशीतलं कुणी तपासणीला आलं की ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, माझी नजर आधी ४००० हर्ट्झवर, उंच पट्टीच्या आवाजांवर जाते. बरा चाललेला आलेख तिथे खाली घसरतो आणि ८००० हर्ट्झपाशी पुन्हा वर येतो. ही खाच सहसा मोठ्या आवाजाची. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण गर्दीत ‘स’, ‘फ’ अशी अक्षरं निसटतात, आणि ‘काय म्हणालास?’ सुरू होतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, म्हणून मी इतकी मागे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: ८३ला २० तास, ८६ला १०. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोज दोन तास तरी जातात. म्हणजे ८६वर गाणी ऐकली, तर पाच दिवसांच्या प्रवासातच आठवड्याचा कोटा संपला.

आणि गाडीत आवाज वाढतोच. चाकांचा खडखडाट, दारातला वारा, गप्पा, या सगळ्यावर मात करायला आपण बटण दाबत जातो. म्हणून आवाज घरी, पंखा बंद करून, शांत खोलीत ठरवा. शब्द स्पष्ट कळले की थांबा. गाडीत त्यावर जायचं नाही. ‘फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका’ हा नियम सोपा आहे, पण प्रत्येक फोन आणि हेडफोनच्या जोडीचे साठ टक्के वेगळे असतात, त्यामुळे माझा भर शांत खोलीवरच.

त्या आवाजात गाडीत ऐकू येत नसेल तर इअरटिप, म्हणजे कानात जाणारं रबरी टोक, बदला. हेडफोनच्या खोक्यात सहसा तीन मापं येतात, आणि बहुतेक जण आधीच लावलेलंच वापरतात. पंखा चालू ठेवा आणि गाणं न लावता टिप कानात घाला. पंख्याची घरघर लक्षात येण्याइतकी दबली पाहिजे. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. हेडफोनमध्ये नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज दाबायची सोय, असेल तर उत्तम, गाडीची घरघर ते चांगलं कापतं. मात्र रस्ता ओलांडताना आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला हेडफोन काढाच.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, साउंड्स अँड हॅप्टिक्स, हेडफोन सेफ्टी इथे ‘रिड्यूस लाउड ऑडिओ’ सुरू करून ८० डेसिबल ठेवा. सॅमसंगमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ शोधा; मुलांच्या फोनवर त्याला पिन लावता येतो.

उतरल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा दडा बसला, तर त्या दिवशी हेडफोन नको. असं वारंवार होत असेल तर तपासणी करून घ्या. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. यात उपचार लवकर सुरू झाले तरच ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता जास्त असते.