घटस्फोटित नवऱ्याला लॉजर ठेवताना: ब्रिटनमध्ये बेनिफिट घेत असाल तर काय काय करावे

लंडनमधल्या हॅरोमध्ये एका मैत्रिणीकडे चहाला गेले होते. दूध काढायला फ्रिज उघडला, तर मधल्या कप्प्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या पेनाने तिच्या माजी नवऱ्याचं नाव. त्या कप्प्यात त्याचं दही, त्याचा ब्रेड, त्याची लोणच्याची बरणी. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. त्याची भाड्याची खोली सुटली, मुलांच्या शाळेजवळ परवडेल अशी दुसरी मिळेना आणि हिच्याकडे एक खोली रिकामी होती. हिला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत, म्हणजे बेनिफिट) मिळतं. दोघांनी बसून नीट विचार केला, आणि त्यानंतरच त्याची बॅग घरात आली.

माजी जोडीदाराला लॉजर म्हणून (पुण्या-मुंबईत ज्याला आपण पेइंग गेस्ट म्हणतो) ठेवायला कायद्याची मनाई नाही. धोका वेगळाच आहे. तुम्ही दोघं पुन्हा जोडपं म्हणून राहताय असं ठरलं, तर तुमचा एकटीचा क्लेम (मदतीचा अर्ज) बंद होतो आणि दोघांचा मिळून करावा लागतो. मग त्याचा पगार हिशेबात येतो, त्याची बचतही येते. दोघांची मिळून बचत १६,००० पौंडांच्या वर गेली तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही. आधी घेतलेले पैसे परत मागतात ते निराळेच.

आधी घटस्फोटाचा कागद बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. कायद्याने तुम्ही अजून नवरा-बायको असाल, तर एकाच कुटुंबात राहताय एवढं दिसलं तरी तुम्ही जोडपं ठरता. घटस्फोट पूर्ण झाला असेल तर ‘लग्न झाल्यासारखे एकत्र राहतात का’ हा जास्त कडक प्रश्न विचारावा लागतो, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ नंतर दाखल झालेल्या अर्जांत शेवटच्या आदेशाला ‘फायनल ऑर्डर’ म्हणतात, त्याआधीच्यांत ‘डिक्री ॲब्सोल्यूट’. भारतात कोर्टातून रीतसर झालेला घटस्फोट इथे सहसा मान्य होतो, त्याची प्रत जवळ ठेवा. वडीलधाऱ्यांनी बैठकीत बसून ठरवलेल्या काडीमोडीवर मात्र इथे भिस्त ठेवू नका.

परवानगी

इंग्लंडमध्ये कौन्सिलचे (म्हणजे स्थानिक नगरपालिकेचे) ‘सिक्युअर’, म्हणजे पक्क्या हक्काचे, भाडेकरू असाल तर लॉजर ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. हाउसिंग असोसिएशनचं (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचं) किंवा खासगी मालकाचं घर असेल तर करार वाचा आणि लेखी परवानगी घ्या. घर स्वतःचं आणि कर्जावर असेल तर बँकेला आणि विमा कंपनीला कळवा. इंग्लंडमध्ये लॉजरचाही ‘राइट टू रेंट’, म्हणजे इथे भाड्याने राहण्याचा हक्क, तपासावा लागतो. तो माजी नवरा असला तरी त्याचा पासपोर्ट किंवा ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा आकडा) बघून नोंद ठेवा. तुमच्या स्वतःच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई लिहिलेली असेल, तर बेनिफिटचा अर्ज करूच नका. तो व्हिसाच्या अटीचा भंग होतो.

भाडं खरं असू द्या

साधा एक पानी करार पुरतो: कोणती खोली, महिन्याचं भाडं किती, वीज-गॅस त्यात धरलंय का, कोणत्या तारखेला द्यायचं, किती दिवसांची नोटीस. त्याच भागात अशा खोलीला अनोळखी माणसाने जे दिलं असतं त्याच्या आसपासचं भाडं ठरवा आणि ते दर महिन्याला बँकेतूनच येऊ द्या.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये लॉजरचं भाडं उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. पण माजी नवऱ्याकडून तुम्हाला पोटगी येत असेल तर ती पूर्णच्या पूर्ण वजा होते. मुलांसाठी दिलेला खर्च मात्र धरत नाहीत. म्हणजे एकाच माणसाकडून येणाऱ्या तीन प्रकारच्या पैशांचे तीन वेगळे नियम. ‘सगळं मिळून दर महिन्याला इतके देतो’ असं मोघम ठेवलंत तर भाडं कुठलं आणि पोटगी कुठली हे तुम्हालाच सिद्ध करता येणार नाही. म्हणून भाड्याची ट्रान्सफर स्वतंत्र असावी आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असावं.

भाडं नावापुरतं ठेवलं किंवा घेतलंच नाही, तर तो लॉजर न ठरता घरातला आणखी एक प्रौढ माणूस ठरू शकतो आणि तुमच्या घरभाड्याच्या मदतीतून ठरावीक रक्कम कापली जाते. कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: लॉजरला दिलेली खोली युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात रिकामीच धरतात. एक जादा खोली असल्यामुळे घरभाड्याच्या मदतीसाठी धरलेल्या भाड्यात १४ टक्के कपात आधीपासून होत असेल तर ती तशीच राहील.

इन्कम टॅक्सचं म्हणाल, तर राहत्या घरातली फर्निचरसह खोली भाड्याने दिल्यास वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर नाही.

एक छप्पर, दोन संसार

खरी कसोटी इथे आहे. एका घरात दोन वेगळे संसार असू शकतात हे कायदा मान्य करतो. ते ठरवताना सहा गोष्टी पाहतात: कुटुंब एक आहे का, नातं किती स्थिर आहे, पैशांची एकमेकांना मदत, शारीरिक संबंध, मुलं आणि लोकांत तुम्ही स्वतःला काय म्हणवता. कुठल्याही एकाच गोष्टीवर निकाल लागत नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या बटरवर्थ खटल्यात अपघातानंतर एका बाईला मदत करायला एक माणूस तिच्या घरी राहायला आला होता. माणूस कशासाठी राहायला आला हे बघितलं पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. म्हणून तो का आला, किती दिवसांसाठी आला, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा: किराणा वेगळा, कपडे धुणं वेगळं, बँकेचं खातं वेगळं. जुनं जॉइंट खातं बंद करा. गाडीचा विमा, मोबाइलचं फॅमिली पॅकेज, एकमेकांच्या नावावरची क्रेडिट कार्डं हे सगळं सोडवा. मुलांसाठी रविवारी एकत्र वरण-भात खाल्लात तर आभाळ कोसळत नाही. पण रोज तुम्ही स्वयंपाक करायचा, त्याने जेवायचं आणि बिलं भरायची, हा संसारच झाला.

आणि आता आपल्या लोकांचं एक दुखणं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. घटस्फोट झालाय हे गावाकडे सांगितलेलं नसतं. आई-बाबा सहा महिने राहायला आले की दोघं एका खोलीत झोपतात, गणपतीच्या आमंत्रणावर ‘सौ. व श्री.’ छापलं जातं, फेसबुकवर लग्नाच्या वाढदिवसाचा जोडीने फोटो लागतो. त्यामागची लाज आणि म्हाताऱ्या माणसांना जपण्याची धडपड मला कळते. पण लोकांत तुम्ही नवरा-बायको म्हणून वावरत असाल, तर ते तुमच्याविरुद्ध धरलं जाऊ शकतं. शाळेच्या फॉर्मवर, जीपीकडे (तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे), मंडळाच्या यादीत नातं खरं तेच लिहा. घरच्यांना सांगणं अवघड आहे, तरी हे पाऊल उचलण्याआधी सांगा.

कळवणं

तो राहायला आला त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातल्या ऑनलाइन जर्नलमध्ये (नोंदवहीत) बदल नोंदवा. लपवाछपवीची भाषा नको. ‘माझा माजी पती अमुक तारखेपासून लॉजर म्हणून राहतो, भाडं इतकं, करार सोबत जोडला आहे, आम्ही जोडपं नाही’ एवढं पुरे. ‘माजी पती’ हे शब्द गाळू नका. नंतर ते कुणी दुसऱ्याने कळवलं तर तुम्ही लपवलंत असा अर्थ निघतो. मैत्रिणीला जॉबसेंटरमध्ये (बेनिफिटच्या सरकारी कार्यालयात) बोलावलं तेव्हा ती करार, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि घटस्फोटाचा कागद घेऊन गेली. फ्रिजचा कप्पा तिने तोंडी सांगितला.

कौन्सिललाही वेगळं कळवावं लागतं. एकटं राहण्याबद्दल कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सूट सहसा जाते, कारण घरात आता दोन प्रौढ आहेत. पूर्णवेळ विद्यार्थ्यासारखे काही अपवाद आहेत. भाडं ठरवताना हा खर्चही धरा.

त्याला स्वतःला बेनिफिट हवं असेल तर जास्त सावध राहा. पेन्शनच्या वयाचे लोक जो हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत) घेतात त्यात साफ नियम आहे: दोघं पूर्वी जोडपं म्हणून ज्या घरात राहिलात, त्याच घराचं भाडं माजी जोडीदाराला देण्यासाठी तो मिळत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही केवळ बेनिफिटसाठी रचलेलं भाडं मान्य होत नाही.

जोडपं ठरवलंच तर

एका महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. तिथेही नकार आला तर पुढच्या एका महिन्यात ट्रिब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं. सहाही मुद्द्यांवर एकेक परिच्छेद लिहा, सोबत कागद जोडा. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत फुकट मदत मिळते. इंग्रजीत बोलायला अडखळत असाल तर आधीच दुभाषी मागून घ्या.

व्यवस्था संपेल तेव्हाची रीतही करारात असू द्या. तुमच्याच घरात राहणाऱ्या लॉजरला वाजवी नोटीस पुरते, कोर्टाच्या आदेशाची गरज नसते. तो गेला की त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहा, आणि कौन्सिलकडून ती २५ टक्के सूट पुन्हा मागून घ्या.