पानगळीच्या दिवसांत फायरप्लेसच्या मँटलची सजावट

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड किंवा न्यू जर्सीतल्या घरांच्या दिवाणखान्यात फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली शेकोटी, असली, तरी तिच्यावरची फळी, म्हणजे मँटल, वर्षभर फोटोंच्या चौकटी, रिमोट आणि न उघडलेली पत्रे यांच्याच ताब्यात असते. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंतचे दहा-अकरा आठवडे मात्र या फळीचे असतात. याच काळात बाहेर मेपलची पाने रंगतात आणि घरात बहुतेक वर्षी नवरात्र, दसरा, हॅलोवीन, दिवाळी आणि थँक्सगिव्हिंग एकामागोमाग येतात. प्रत्येक सणाला नवी सजावट करण्यापेक्षा एकच पायाभूत मांडणी करून ती शेवटपर्यंत ठेवावी आणि सणाप्रमाणे तिच्यातल्या एक-दोन वस्तूच बदलाव्यात, असे माझे मत आहे. ग्रामीण थाटाची पण देखणी सजावट म्हणतात, तिला जिन्नस थोडे लागतात. ते खरे, खरखरीत आणि न रंगवलेले असले, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली, की काम होते.

सामान आणण्याआधी आगीचा अंदाज घ्यावा लागतो. ज्या घरात फायरप्लेस नुसती शोभेची आहे, तिथे प्रश्न नाही. पण लाकूड किंवा गॅस जळणार असेल, तर मँटल पूर्ण रिकामे करून तासभर आग चालू ठेवावी आणि मग फळीच्या मध्यावर व दोन्ही टोकांना हात ठेवून पाहावा. जिथे हात सुखाने टेकवता येत नाही, तिथे धातू, दगड आणि मातीची भांडी यांखेरीज काहीही ठेवू नये, कारण मेण मऊ होते, भोपळा सडतो आणि वाळलेली पाने ठिसूळ होऊन पेट घेण्यास तयार होतात. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांनुसार लाकूड जाळण्याच्या फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत जळाऊ वस्तू नसावी लागते, आणि 12 इंचांपर्यंत ती दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे यायला नको असते. हा नियम मुळात लाकूडकामासाठी असला, तरी फळीवरून खाली लोंबणाऱ्या माळेला तो निमूटपणे लावावा. गॅसच्या फायरप्लेसचे अंतर वेगळे असू शकते, आणि ते तिच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते. धुराडे वर्षातून एकदा तपासून घ्यायचेच असते. ते काम सजावटीच्या आधी उरकावे, कारण काजळी साफ करणारा माणूस आल्यावर फळीवरचे सगळे पुन्हा उतरवावे लागते.

मागच्या भिंतीला एकच मोठी वस्तू द्यावी. मँटलच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचा, गडद लाकडी चौकटीचा आरसा भिंतीला टेकवून ठेवला, तर तो पुरेसा भारदस्त दिसतो आणि संध्याकाळचा उजेडही वाढवतो. आरसा लावण्यापूर्वी त्यात काय दिसणार आहे, हे सोफ्यावर बसून तपासावे. छताचा पंखा किंवा स्वयंपाकघरातला फ्रिज दिसत असेल, तर आरशाऐवजी एखादे निसर्गचित्र बरे. वर टीव्ही असेल, तर त्याच्याशी स्पर्धा न करता सजावट दोन टोकांना आणि बुटकी ठेवावी.

आता जिन्नस. पाने, शेंगा आणि फांद्या शक्यतो आपल्याच आवारातून किंवा ओळखीच्यांच्या आवारातून आणाव्यात. राष्ट्रीय उद्यानांतून काहीही तोडून किंवा उचलून आणणे सर्वसाधारणपणे नियमबाह्य आहे. तोडताना एका वेलीपासून फार जपावे लागते. पॉयझन आयव्हीची पाने या दिवसांत इतकी सुंदर लाल होतात की नवखा माणूस तीच आधी उचलतो. एका देठावर तीन पर्णिका आणि पांढुरकी फळे ही तिची खूण, तर पाच पर्णिकांची व्हर्जिनिया क्रीपर ही वेगळी वेल. पॉयझन आयव्ही आंबा, काजू आणि बिब्याच्या कुळातली आहे, त्यामुळे तिच्या चिकाने अंगावर काय उठते, हे बिबा उतलेला माणूस पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको. ती वाळली तरी निरुपद्रवी होत नाही, आणि ती जाळली तर धुरातूनही त्रास होतो.

दुसरी सावधगिरी बिटरस्वीटच्या नारिंगी-लाल फळांच्या वेलीबाबत घ्यावी. मँटलवर तिच्याइतकी शोभणारी दुसरी वेल नाही, आणि आपल्या मालकांगोणीच्याच प्रजातीतली असल्यामुळे तिची तडकलेली फळे ओळखीची वाटतात. मात्र तिचे दोन प्रकार आहेत. अमेरिकेतली मूळ वेल फांदीच्या टोकाला घोसाने फळे धरते. पूर्व आशियातून एकोणिसाव्या शतकात आणलेल्या वेलीला फळे देठादेठाशी, फांदीच्या संपूर्ण लांबीवर येतात आणि त्यांची फुटलेली साल पिवळी असते. ही दुसरी वेल झाडांना विळखा घालून त्यांना मारते, पक्षी तिचे बी दूरवर पसरवतात, आणि मॅसॅच्युसेट्ससह काही राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आहे. तिची कमान घरात करायचीच असेल, तर ती उतरवल्यावर कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. फळे विषारी असल्याने लहान मूल किंवा मांजर घरात असेल, तर ती आणूच नयेत.

झाडावरून आणलेली पाने दोन-चार दिवसांत आक्रसतात, म्हणून ती टिकवण्याची तयारी आधीच करावी लागते. ओक, बीच किंवा मॅग्नोलियाच्या फांद्या पाने हिरवी आणि लवचिक असताना, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी कापाव्यात, देठाची टोके ठेचावीत आणि एक भाग ग्लिसरीन व दोन भाग कोमट पाणी अशा मिश्रणात उभ्या करून दोन ते तीन आठवडे ठेवाव्यात. पाणी उडून गेले तरी ग्लिसरीन पानांत राहते, त्यामुळे ती कुरकुरीत न होता चामड्यासारखी मऊ राहतात आणि त्यांचा रंग कांस्याकडे झुकतो. रंगून गळायला आलेल्या पानांना हा उपाय चालत नाही, कारण तोपर्यंत देठाशी पेशींचा पडदा तयार होऊन पाणी वर जाणे थांबलेले असते. मेपलची लाल पाने त्यामुळे जुन्या जाडजूड पुस्तकांत टीपकागद घालून दाबून ठेवावीत, किंवा पसरट ताटात त्याच मिश्रणात तीन-चार दिवस बुडवून नंतर पुसून घ्यावीत.

पाइनची बोंडे अंगणातून आणली, तर ती फॉइल घातलेल्या ट्रेमध्ये 200 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 93 अंश सेल्सिअसवर, अर्धा ते एक तास ओव्हनमध्ये ठेवावीत. किडे मरतात, राळ वितळून चकाकी येते आणि मिटलेली बोंडे उघडतात. राळ जळाऊ असते, म्हणून तोवर स्वयंपाकघर सोडून जाऊ नये.

भोपळ्यांच्या बाबतीत दुकानातल्या भडक नारिंगी, चकचकीत ढिगाकडे पाहू नये. फार्म स्टँडवर, म्हणजे शेतमाल विकणाऱ्या टपरीवर, जुन्या वाणांचे भोपळे मिळतात. चपटा, खोल पाकळ्यांचा, लाल-शेंदरी 'रूज विफ देताँप', निळसर राखी 'जाराडेल' आणि मुठीएवढा पांढरा 'बेबी बू' हे तीन आणले, तरी रंगांचा प्रश्न सुटतो. फायरप्लेस लाल विटांची असेल, तर शेंदरी भोपळा तिच्यात हरवतो, तिथे राखी आणि पांढरे घ्यावेत; मँटल पांढरे रंगवलेले असेल, तर उलट गडद रंग खुलतात. देठ तुटका किंवा खाली मऊ डाग असलेला भोपळा घेऊ नये, आणि घेतलेला देठाला धरून उचलू नये. दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्याने साल पुसून पूर्ण कोरडी केली, तर बुरशी धरणे लांबते. प्रत्येक भोपळ्याखाली बुचाची चकती ठेवावी, कारण तळ पाझरू लागला की त्याचा काळा डाग लाकडावर कायमचा राहतो.

आपल्या माळ्यावरच्या वस्तूंचा मान इथे येतो. सजावटीच्या दुकानात महागड्या दराने मिळणारी, मुद्दाम जुनी केलेली तांब्यापितळेची भांडी अनेक मराठी घरांत खरीखुरी जुनी असतात. आजीच्या कळशीत ग्लिसरीनच्या ओकच्या चार फांद्या उभ्या केल्या, तर दुसऱ्या फुलदाणीची गरज उरत नाही. घंगाळ असेल, तर ते फळीवर न चढवता खालच्या दगडी ओट्याच्या एका बाजूला, आगीच्या तोंडापासून दूर ठेवून त्यात पाइनची बोंडे भरावीत. ही भांडी चिंचेने घासून लखलखीत करू नयेत, कारण त्यांच्यावर चढलेला तपकिरी रंगच लाकडाशी आणि पानांशी जुळतो. फळीवर कापड हवेच असेल, तर जुन्या घोंगडीची अरुंद पट्टी घालावी. लोकर सहजासहजी पेटत नाही आणि तिचा काळा-करडा पोत भोपळ्याच्या गुळगुळीत सालीला उठाव देतो. तरीही पट्टीची कड फळीच्या पुढे येऊ देऊ नये.

मांडणी एका टोकापासून करावी. सर्वांत उंच वस्तू, म्हणजे फांद्यांची कळशी, डावीकडे आरशाच्या कडेला थोडी झाकेल अशी ठेवावी. तिच्या पायथ्याशी मोठा भोपळा किंचित पुढे सरकवून आणि त्याला टेकून एक लहान भोपळा ठेवावा. उजव्या टोकाला वेगवेगळ्या उंचीच्या तीन पितळी दीपदान्या पुरेशा होतात. मधली जागा बरीचशी मोकळी सोडून तिथे फक्त एक माळ, दोऱ्यात सैल बांधलेल्या पानांची किंवा गव्हाच्या ओंब्यांची, फळीवर आडवी पसरवावी. मोकळी जागा पाहून हात शिवशिवतो आणि तिथे काहीतरी ठेवावेसे वाटते. दोन दिवस न ठेवता राहावे. दोन्ही टोकांना एकसारख्या वस्तू ठेवून केलेली तंतोतंत जुळणी पुष्पगुच्छाच्या दुकानासारखी दिसते, ग्रामीण थाट तिथे संपतो. वाळलेल्या पानांच्या जवळ खरी मेणबत्ती कधीही पेटवू नये. बॅटरीवरच्या, मेणाच्या आवरणाच्या मेणबत्त्या आता पुरेशा चांगल्या मिळतात, फक्त त्यांची बॅटरी उष्ण टोकाला येणार नाही हे पाहावे.

आता बदलांविषयी. दसऱ्याला मधल्या मोकळ्या जागेत झेंडूची माळ घ्यावी. अंगणात झेंडू लावला असेल, तर पहिल्या कडक थंडीच्या रात्रीआधी फुले तोडावीत, कारण ती थंडी झेंडूला सोसत नाही. झेंडू, भोपळा आणि मका हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडांतलेच असल्यामुळे, ही माळ मेपलच्या पानांशेजारी उपरी वाटत नाही. दोन-तीन दिवसांनी ती काढावी, ओलसर फुले फळीवर कुजू देऊ नयेत. हॅलोवीनसाठी एखादा काळा पक्षी किंवा वाळलेल्या काळपट फांद्या पुरतात. प्लॅस्टिकचे सांगाडे पायऱ्यांवर शोभतात, ते तिथेच ठेवावेत. दिवाळीत पणत्या मँटलवर लावण्याचा मोह होतो, पण तेलाची ज्योत आणि कोरडी पाने एकाच फळीवर नकोत. फायरप्लेस विझलेली असताना खालच्या ओट्यावर पितळी ताटात पाच पणत्या लावाव्यात, आणि आकाशकंदील खिडकीत टांगावा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, फळीवरची पाने काढून रंगीत दाण्यांची तीन कणसे सालींसकट बांधून उजवीकडच्या दीपदान्यांशेजारी आडवी ठेवली की पुरे.

उतरवताना घाई करू नये. ग्लिसरीनची पाने खोक्यात कागद घालून पुढच्या वर्षीसाठी ठेवता येतात. घट्ट राहिलेला, सालीला ओरखडा नसलेला जाराडेल वरून धुऊन, साल जाड काढून घारग्यांसाठी किसता येतो. त्याचा गर गोड असतो. मऊ पडलेला भोपळा मात्र लगेच बाहेर न्यावा. माळा आणि वाळक्या फांद्या सोयीच्या म्हणून फायरप्लेसमध्ये टाकू नयेत, कारण सुक्या पानांचा जाळ एकदम उसळतो आणि ठिणग्या धुराड्यातल्या काजळीपर्यंत पोहोचू शकतात.