व्हीलचेअरवरून टेबल टेनिस शिकायचंय? आधी बसणं, मग सर्व्हिस

2021 च्या ऑगस्टमध्ये व्हीलचेअरवरून खेळणाऱ्या भाविना पटेलनं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये क्लास 4 च्या (क्लास म्हणजे शरीराच्या मर्यादेनुसार पाडलेले गट) सिंगल्सचं सिल्व्हर जिंकलं आणि तेव्हापासून आमच्या गोव्यात फोंड्याकडच्या मुली विचारत असतात, ताई मला पण खेळायचंय, सुरुवात कुठून करू. माझं सांगणं एकच, फोरहँड स्मॅशच्या मागे लागू नका.

पहिलं म्हणजे बसणं. उशी जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर उंच चालते, पाय फूटरेस्टवर, कारण रॅली, म्हणजे सर्व्हिसनंतरची मारामारी, चालू असताना पाय किंवा फूटरेस्ट जमिनीला टेकला की पॉइंट समोरच्याला, आणि बॉल मारताना मांडीची मागची बाजू सीटला लागलेली पाहिजे, उचलून मारायचं नाही. गुडघ्याच्या वर पट्टा बांधून तोल सांभाळायला पण परवानगी नाही, मेडिकल कारण असेल तर ते क्लासिफिकेशन कार्डावर, म्हणजे खेळाडूचा क्लास नोंदवलेल्या कार्डावर, लिहिलेलं लागतं. मग तोल कसा सांभाळायचा? मोकळा हात चाकावर ठेवा, मारल्यावर पुढे झुकायला झालं तर खेळता हात टेबलावर टेकवता येतो, टेबल हलता कामा नये. पण बॉल मारायच्या आधी कुठलाही हात टेबलाला लागला की पॉइंट गेला, ही सवय सगळ्यात उशिरा जाते बघा.

आता सर्व्हिस, इथंच खरी मेहनत आहे. उभ्यानं खेळणाऱ्या साइडनं बाहेर जाणारी किंवा नेटजवळ थांबणारी सर्व्हिस करतात, आपल्या सिंगल्समध्ये बॉल समोरच्या बाजूला एक टप्पा पडून साइडलाइनवरून गेला, नेटकडे परत फिरला किंवा टेबलावरच थांबला तर ते लेट, परत सर्व्हिस करायची. म्हणजे बॉल मागच्या कडेवरूनच बाहेर जायला हवा. समोरचीनं तो साइडनं जायच्या किंवा दुसरा टप्पा पडायच्या आधीच मारला तर मात्र सर्व्हिस बरोबर धरतात. टेबलाच्या मागच्या कडेपासून वीतभर आत रुमाल पसरा आणि रोज 50 सर्व्हिस त्यावर टाका, एवढंच करा पहिला महिना. पण रॅलीत ही अट नाही, म्हणून तिथे नेटजवळ टाकलेला आखूड बॉल आणि साइडला काढलेला अँगल हीच आपली खरी हत्यारं, कारण खुर्चीतून पुढे वाकून पोचणं सगळ्यांनाच कठीण.

क्लासचं थोडक्यात सांगते, व्हीलचेअरवाल्यांचे 1 ते 5, आकडा जितका लहान तितकी शरीराची मर्यादा जास्त, 1 आणि 2 मध्ये खेळत्या हातावर पण परिणाम असतो, 5 मध्ये कमरेवरचं शरीर चांगलं चालतं. कॉमनवेल्थमध्ये कधी क्लास एकत्र करतात, भाविनानं 2022 मध्ये बर्मिंगहॅमला 3 ते 5 चं गोल्ड असंच जिंकलं.

टेबल निवडताना पाय बघा. खुर्ची आत जायची तर टेबलाचे पाय कडेपासून किमान 40 सेंटिमीटर आत हवेत, गावच्या हॉलमधली जुनी टेबलं कित्येकदा तशी नसतात. 2023 मध्ये म्हापशाला पेडेच्या इनडोअर स्टेडियममध्ये वर्ल्ड टेबल टेनिसची मोठी स्पर्धा झाली तेव्हा चांगली टेबलं कशी असतात ते बऱ्याच जणींनी पाहिलं, हॉलवाल्यांना तसंच टेबल मागा, लाजू नका.

आणि आपल्याकडचा पाऊस. दमटपणात रबर ओलसर होतं, बॉल घसरतो, बॅट कोरड्या कपड्यानं पुसून कव्हरमध्येच ठेवा. बाहेरून आलात की चाकांचे टायर आधी पुसा, ओल्या टायरवर ब्रेक लावून पण खुर्ची सरकते, माझी सरकली होती आणि गुडघा थेट टेबलाच्या पायावर बसला होता.